विक्रमसिंह मोहित्यांची सत्तर पौंड हवा

बडोद्यात, अकोट्याच्या आमच्या सोसायटीत विक्रमसिंह मोहिते माझ्या समोरच्या दारात राहतात. नंदेसरीच्या एकाच रसायन कारखान्यात आम्ही दोघे कामाला आहोत. मी खरेदी खात्यात, ते युटिलिटीत, म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर आणि वाफ-हवा-पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांवर. गेली एकवीस वर्षे कारखान्याच्या सकाळी सात-पाचच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसतात. त्यामुळे गेल्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या घरात सायकलीच्या फोर्कवरून जे झालं ते मी रोजच्या रोज ऐकलं, आणि थोडं डोळ्यांनी पाहिलंही.

मोहित्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. विक्रमसिंहांना त्याचं फार कौतुक नाही. "घोडे होते तेव्हा होते, आता वाल्व आहेत," म्हणतात. आयटीआय करून ते विसाव्या वर्षी कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि आता अठ्ठावन्नला टेकले आहेत. त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं. दर दोन तासांनी फेरी मारायची, बावीस गेजचे काटे वाचायचे आणि आकडे वहीत लिहायचे. आकडा बरा दिसावा म्हणून गेजवर टिचकी मारायची नाही, आणि वाईट दिसला म्हणून लपवायचा नाही. एकदा हवेच्या मुख्य नळीचा आकडा तीन पाळ्यांत मिळून जेमतेम दोन दशांश उतरला होता. बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं. मोहित्यांनी साबणाचं पाणी घेऊन अख्खी नळी तपासली आणि जोडाला गेलेली केसाएवढी चीर शोधून काढली. तेव्हापासून कारखान्यात गळती म्हटली की लोक आधी त्यांना बोलावतात. हे सांगायचं कारण असं की, पुढे जे झालं ते निष्काळजीपणाने झालं नाही.

त्यांची मुलगी अवनी बावीस वर्षांची. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करते आणि माउंटन बाइक चालवते, म्हणजे दगडधोंड्यांतून, उतारांवरून चालवायची ती जाड टायरची सायकल. फतेगंजला हार्दिकचं सायकलींचं दुकान आहे. त्यानेच तिला डिसेंबरअखेर एक वापरलेली पण चांगली सायकल मिळवून दिली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पावागढच्या पायथ्याशी राज्याच्या संघाची निवड शर्यत होती. तेवीस वर्षांखालच्या मुलींमधून पहिल्या दोघी घेणार होते. पुढच्या वर्षी अवनी त्या वयोगटात बसणार नव्हती. त्यामुळे जे काही व्हायचं ते त्याच रविवारी.

सायकल आली त्या दिवशी विक्रमसिंहांनी घरात जाहीर केलं, "हिची देखभाल मी करणार. दुकानात कोणाच्या हातात द्यायची नाही."

"पप्पा, यात सस्पेन्शन आहे हं. तुमच्या जुन्या सायकलीसारखं नाही," अवनी म्हणाली.

"हवेवर चालतं ना? मग मला हवेचं काय शिकवतेस!"

हवेवर चालतं हे खरं. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्याच्या, डाव्या पायात हवा भरलेली असते. चाक दगडावर आपटलं की ती दाबली जाते आणि धक्का गिळते. हवा किती भरायची ते चालवणाऱ्याच्या वजनावर ठरतं. अवनीच्या वजनाला फोर्कवरच्या तक्त्यात सत्तर पौंड लिहिले होते. त्यासाठी वेगळा हातपंप मिळतो, बारीक रबरी नळीचा, गेज बसवलेला. उजव्या पायात तेल असतं, आणि दाबलेला फोर्क किती वेगाने परत वर यावा ते तिथल्या लाल चकतीने ठरवतात. विक्रमसिंहांनी फोर्कचं माहितीपत्रक दोनदा वाचलं, लाल चकती मोजून सात खटके फिरवली, आणि एका सोमवारी सकाळी पंप लावून बरोबर सत्तर पौंड हवा भरली. मग पन्नास पानी वही काढून पहिली ओळ लिहिली.

मंगळवारी सकाळी चहाच्या आधी त्यांनी पंप लावून पाहिला. सहासष्ट.

"गळतो आहे," बसमध्ये बसता बसता त्यांनी मला सांगितलं. आवाजात काळजी नव्हती, उलट जरा उत्साहच होता. ओळखीचं काम समोर आलं होतं.

"मग परत भरली का हवा?"

"छे! भरली तर गळतीचा वेग कसा कळणार? आठवडाभर बघतो."

बुधवारी बासष्ट. गुरुवारी अठ्ठावन्न. शुक्रवारी पंचावन्न. शनिवारी एक्कावन्न. रविवारी सकाळी अठ्ठेचाळीस पौंडांवर अवनी ती सायकल घेऊन विश्वामित्रीकाठच्या घळींत सरावाला गेली आणि तासाभरात परत आली. कोपर सोलवटलेलं होतं.

"फोर्क तळाला आपटतोय, पप्पा! एका उतारावर धाडकन बसला आणि मी हँडलवरून पुढे गेले. तुम्ही हवा बघितली होती ना?"

"बघितली होती. अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस? आणि तुम्ही मला तशीच दिलीत?"

"मध्येच भरली असती तर आठवडा वाया गेला असता. गळती किती ते—"

"पप्पा, मी सायकल चालवते आहे! तुमच्या कारखान्यातला बॉयलर नाही मी!"

प्रेमलावहिनी हळद घेऊन आल्या. त्या मराठी शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. नवऱ्याला त्या एवढंच म्हणाल्या, "वहीत हेही लिहा. कोपर, एक."

इथपासून विक्रमसिंहांचं डोकं फिरायला सुरुवात झाली. हार्दिकने सांगितलं की फोर्क वापरलेला आहे, आतली हवा अडवणारी रबरी सीलं जुनी असतील. "अंकल, पुण्याला मोकली दइए? पाठवून देऊ? तिथे सर्व्हिस सेंटर छे, तीन आठवड्यांत करून देतात." तीन आठवडे म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी, तेही कुरियर वेळेवर आलं तर. विक्रमसिंह म्हणाले, सीलंच मागव, मी बसवतो. हार्दिकने जरा बिचकतच मागवली.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून त्यांनी फोर्क पहिल्यांदा उघडला. हात लखलखीत, हत्यारं एका रांगेत, काढलेला प्रत्येक भाग चादरीवर डावीकडून उजवीकडे. जुनी सीलं त्यांनी बोटांत धरून उजेडात पाहिली. कुठे चीर नाही, कडा झिजलेली नाही. तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती, असं ते आता म्हणतात. नवी सीलं बसवली, फोर्क बंद केला, सत्तर पौंड भरली.

शुक्रवारी सकाळी सहासष्ट.

मी बसमध्ये "काय म्हणतोय फोर्क?" विचारायला नको होतं.  बसने छाणी गाव ओलांडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नवी सीलं घातली तरी चार. जुनी होती तरी चार. हा काय प्रकार आहे?"

शनिवारी बासष्ट, रविवारी अठ्ठावन्न. या वेळी अवनीने स्वतः पंप लावून सत्तर केली आणि मग सरावाला गेली. परत आली तेव्हा तिची काही तक्रार नव्हती. "आज मस्त चालला," म्हणाली. विक्रमसिंहांना त्याने आनंद होण्याऐवजी रागच आला. "आज मस्त चालला म्हणजे काय? गळतोय तो!"

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी फोर्क दुसऱ्यांदा उघडला. हवा भरायच्या तोंडातली बारीक झडप बदलली. मग साबणाचं पाणी. बुडबुडा नाही. मग बादलीभर पाण्यात फोर्क आधी उलटा, मग सुलटा बुडवून धरला. मीही तिथे होतो. आम्ही दोघे वाढत्या वयाचे गृहस्थ वीस मिनिटं एका बादलीकडे टक लावून बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही. समोरच्या इमारतीतल्या एक बेन जाता जाता म्हणाल्या, "माछली छे के शुं?"

"मासळी असती तर बरं झालं असतं," विक्रमसिंह पुटपुटले.

बुधवारी सहासष्ट. गुरुवारी बासष्ट.

माणूस चिडला की त्याचं वागणं कसं बदलतं ते मी त्या दिवसांत पाहिलं. वर्षानुवर्षे डबा उघडून सगळ्यांना विचारून खाणारे मोहिते एकटे जेवू लागले. अवनी म्हणाली, इंटरनेटवर व्हिडिओ आहेत, बघा. "तो माणूस हात दाखवतो, आकडा दाखवत नाही," म्हणून त्यांनी फोन परत केला. हार्दिकने सांगितलं की पंप काढताना 'फुस्स' होतं ती फोर्कची हवा नसते, पंपाच्या नळीत अडकलेली असते, त्याची चिंता करू नका. तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं. ते बरोबरच होतं. पण नळीत ती हवा आली कुठून, हे ना त्याने सांगितलं, ना यांनी विचारलं.

शुक्रवारी संध्याकाळी फोर्कमध्ये पुन्हा सत्तर पौंड भरून सगळं कुटुंब प्रेमलावहिनींच्या भाचीच्या लग्नाला इंदूरला गेलं. सोमवारी रात्री परत आले. मंगळवारी सकाळी पंप लावला. सहासष्ट. त्यांनी आकडा लिहिला, वही मिटली, आणि बसमध्ये मला म्हणाले, "सीलच्या खाचेत ढिलाई आहे. आज जाड रिंग घालतो."

शर्यत त्या रविवारी होती. पाच दिवस राहिले होते.

मकरपुऱ्याला औद्योगिक सीलांचं एक दुकान आहे. तिथे कारखान्यांसाठी हव्या त्या मापाच्या रबरी रिंगा मिळतात. विक्रमसिंहांना तो दुकानदार चांगला ओळखतो. कारखान्यातल्या पंपाच्या दांड्याला गळती असेल तर अर्धा मिलिमीटर जाड रिंग घालून काम भागतं, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. मंगळवारी संध्याकाळी फोर्क तिसऱ्यांदा उघडला आणि जाड रिंग दाबून बसवली. बुधवारी अवनी सायकलवर बसली आणि हँडल खाली रेटलं, तर फोर्क हलेना. तिने उडी मारून सगळा भार टाकला तेव्हा करकरत दोन बोटं खाली गेला आणि तिथेच अडकला.

"छान," ती म्हणाली. "आता गळत नाही. चालतही नाही."

"काढतो उद्या."

"पप्पा, रविवार आहे शर्यत. हार्दिकभाई त्यांची सायकल देतायत."

"ती तुला दोन इंच मोठी आहे. पाय नीट पोचत नाहीत तुझे."

"चालणारी तरी आहे!"

गुरुवारी कारखान्यातून येऊन त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, सरळ पार्किंगमध्ये गेले. फोर्क धरायला मी होतो. जाड रिंग खाचेत अशी घट्ट बसली होती की बोटांनी निघेना, चिमट्याने निघेना. मोहिते धातूचं हत्यार सीलाजवळ कधी नेत नाहीत. कारखान्यात नव्या पोरांना ते यावरून झापतात. त्या दिवशी त्यांनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला. रिंग निघाली. निघताना ड्रायव्हर सटकला आणि आत कुठेतरी 'किर्र' असा आवाज झाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी बॅटरी लावून नळीत पाहिलं, फडक्याने पुसलं, आणि योग्य मापाचं सील बसवून फोर्क बंद केला.

तेवढ्यात प्रेमलावहिनी खाली आल्या. हातात चहाचा पेला आणि काखेत ती वही.

"अहो, जेवायला किती वाजता, ते तरी वहीत लिहून ठेवा. म्हणजे मला कळेल." मग जोत्यावर बसून त्या सहज पानं उलटू लागल्या. "हे बघा. इंदूरला होतो तेव्हा चार दिवसांत चार पौंड. इथे असता तेव्हा रोज चार. म्हणजे तुम्ही घरात नसलात की फोर्क शहाण्यासारखा वागतो. तुम्ही बघायला जाता म्हणून हवा जाते!"

त्या टोमणाच मारत होत्या. विक्रमसिंह मात्र हातात फडकं धरून तसेच उभे राहिले. त्यांनी वही घेतली. इंदूरच्या आधीचा आकडा पाहिला, नंतरचा पाहिला. मग पंप लावला, सत्तर भरली, पंप काढला आणि लगेच पुन्हा लावला.

सहासष्ट.

काढला, परत लावला. बासष्ट.

मला कळायला वेळ लागला, त्यांना लागला नाही. पंपाची नळी रिकामी असते. ती फोर्कला जोडली की फोर्कमधली थोडी हवा त्या नळीत शिरते आणि तेवढा आकडा उतरतो. पंप काढताना ती 'फुस्स' निघून जाते. कारखान्यातला गेज नळीला कायमचा जोडलेला असतो. त्याच्याकडे हजार वेळा बघा, हवेला काही होत नाही. इथे प्रत्येक बघणं म्हणजे चार पौंड. फोर्क पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता.

त्यांनी तिथूनच हार्दिकला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे अंकल, ए तो बधाने खबर छे!" हार्दिक म्हणाला. हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. "तुम्ही रोज पंप लावत होता? रोज? मला वाटलं तुम्ही बसून बघता, किती दबतो ते. आधी सांगायचं ने!"

"तू विचारायचं ने!" विक्रमसिंह ओरडले आणि फोन बंद केला. प्रेमलावहिनी हसायला लागल्या होत्या, नवऱ्याचा चेहरा पाहून थांबल्या.

कारण त्यांच्या डोक्यात तो 'किर्र' आवाज होता. त्यांनी पुन्हा सत्तर पौंड भरली, पंप काढला आणि रात्रभर हात लावला नाही. शुक्रवारी सकाळी लावला. नुसत्या बघण्याने सहासष्ट दिसायला हवी होती. काटा पन्नासवर होता.

ती सकाळ मला चांगली आठवते. बसमध्ये ते बसले आणि म्हणाले, "नसलेली गळती शोधता शोधता मी खरी करून ठेवली."  ओरखडा फोर्कच्या नळीच्या आतल्या भिंतीला होता, नेमका जिथे सील टेकतं तिथे. तो घरी दुरुस्त होण्यातला नव्हता. सुटा भाग आठवड्याच्या आत बडोद्यात येणार नव्हता.

संध्याकाळी त्यांनी अवनीला सांगितलं. समोरच्या माझ्या दारात मी वर्तमानपत्र घेऊन उभा होतो, आणि ती दोघं जिन्यातच बोलत होती, त्यामुळे ऐकू आलं.

"फोर्क आधी बरा होता," ते म्हणाले. "मी बिघडवला. आता खरंच गळतो."

तिने खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "तीन आठवडे मी सांगते आहे, हात लावू नका."

"हो."

"एकदा तरी मला विचारलंत, सायकल चालवताना कशी वाटते? सगळं त्या पंपालाच विचारलंत."



शनिवारी सकाळी अवनीनेच काम हातात घेतलं आणि आधी सत्तर पौंड हवा भरली. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी कडं असतं. सायकलवर बसलं की फोर्क थोडा दबतो आणि ते कडं तेवढं वर सरकून राहतं. उतरून पट्टीने मोजलं की हवा पुरेशी आहे का ते कळतं, पंप लावायची गरज नाही. हार्दिक म्हणत होता ते हेच. एकट्याने मात्र होत नाही. प्रेमलावहिनींनी हँडल धरलं, अवनी हेल्मेट-बूट घालून, पाण्याची बाटली लावून पायडलवर उभी राहिली, आणि विक्रमसिंह जमिनीवर बसून पट्टी धरून होते. वीस मिलिमीटर. ती तासभर घळींत जोरात चालवून आली, पुन्हा मोजलं. सव्वीस.

"हार्दिकभाईंची घेऊ की हीच?" ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. "शर्यत सव्वा तासाची आहे. थोडी कडक करून सुरू केली तर शेवटी थोडी मऊ होईल."

विक्रमसिंहांनी तोंड उघडलं, मग मिटलं.

"बोला, पप्पा. आता विचारतेय."

"बसून मोजलंय आपण. दगडांवर आपटताना जास्त जाईल. किती जास्त, ते मला सांगता येत नाही."

"पण मोठ्या सायकलवर मला वळणं घेता येत नाहीत. माझीच नेते."

रविवारी माझ्या गाडीच्या टपावर सायकल बांधून आम्ही चौघे पावागढच्या पायथ्याला गेलो. बाराच मुली होत्या. दगडांच्या उतारावरून जाणाऱ्या सव्वाचार किलोमीटरच्या चार फेऱ्या. सुरुवातीच्या दहा मिनिटं आधी विक्रमसिंहांनी अवनीने सांगितल्याप्रमाणे शहात्तर पौंड हवा भरली आणि पंप काढून प्रेमलावहिनींच्या हातात दिला. शिट्टी व्हायला वेळ लागला. पंच कसली तरी यादी तपासत राहिले, आणि रांगेत लागलेल्या सायकलीला आता हात लावायला मनाई होती. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. विक्रमसिंह तेवढ्या वेळात तीनदा फोर्ककडे वाकले आणि तीनदा सरळ झाले.

पहिल्या फेरीत अवनी तिसरी होती, दुसऱ्या फेरीत दुसरी. उतारावर ती पुढच्या मुलींना सहज गाठत होती. तिसऱ्या फेरीत आम्ही उभे होतो त्या वळणावर ती आली तेव्हा सायकलीचं नाक खाली झुकलेलं मलासुद्धा दिसलं. फोर्क प्रत्येक दगडावर बसत होता आणि वर येत नव्हता. "हवा गेली," विक्रमसिंह म्हणाले. अवनी त्यांच्याकडे न बघता पुढे गेली. चौथ्या फेरीत तिला उतार उभ्याने, ब्रेक लावत उतरावा लागला, आणि आणंदची एक मुलगी तिथे तिच्या पुढे निघाली.

नऊ सेकंदांनी ती तिसरी आली.

ती सायकल टेकवून खाली बसली. तोंडावर धूळ, घामाचे ओघळ. वहिनींनी पाणी दिलं. विक्रमसिंह थोडे दूर उभे होते. तिने हाक मारली, "पप्पा, इकडे या. असे काय उभे राहिलात?"

ते आले. "माझ्यामुळे गेलं," म्हणाले.

मला वाटलं ती नाही म्हणेल. वहिनींनाही वाटलं असावं.

"हो," अवनी म्हणाली. "तुमच्यामुळे गेलं." आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "हे धरा. पाय आखडलाय माझा, जरा ताणून द्या."

ते धुळीत गुडघे टेकून तिचा पाय ताणत बसले. येताना गाडीत ती पुढच्या सीटवर झोपली. 

त्या बुधवारी फोर्क पुण्याला पाठवायचा होता. हार्दिकने सर्व्हिस सेंटरचा फॉर्म आणून दिला. संध्याकाळी त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर फोर्क फोममध्ये गुंडाळला जात होता आणि विक्रमसिंह 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात लिहीत होते. मी चिकटपट्टी द्यायला गेलो होतो.

"हवा गळते, एवढंच लिहा ना," अवनी म्हणाली. "दुकानवाले तेवढंच लिहितात."

"नाही. कशी गळायला लागली ते त्यांना कळायला हवं."

त्यांनी पाच ओळी लिहिल्या. फोर्क चार वेळा उघडला, तारखा अमुक. मूळ सीलांत दोष आढळला नव्हता. जाड मापाची रिंग चुकीने बसवली गेली. ती काढताना वापरणाऱ्याच्या हातून नळीच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडला. त्याआधी गळती नव्हती.

सायकल अवनीच्या नावावर, म्हणून सही तिची लागणार होती. तिने फॉर्म घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. मग पेन मागितलं. 'वापरणाऱ्याच्या' यावर तिने नीट एक रेघ मारली, वर 'वडिलांच्या' असं लिहिलं आणि खाली सही केली.

विक्रमसिंहांनी चष्मा लावून ती दुरुस्ती पाहिली. "हे बरोबर आहे," म्हणाले.

रविवारनंतर अवनी पहिल्यांदाच हसली, आणि मग मी आणलेल्या चिकटपट्टीचं टोक नखाने शोधू लागली.